रिकॅल्सिट्रंट : टाच, तट्टू आणि फणसाची आठळी

प्रश्न असा आलाय: 'मॅनेजरने मेलमध्ये मला रिकॅल्सिट्रंट म्हटलंय. म्हणजे नुसता हट्टी की आणखी काही? आणि यातल्या कॅल्सिचा कॅल्शियमशी संबंध आहे का?'

नाही. कॅल्शियमशी काडीचा संबंध नाही. हाडं कडक म्हणून माणूस कडक, ही व्युत्पत्ती मी यंदा तिसऱ्यांदा ऐकतोय आणि सांगणारा दरवेळी अशा थाटात सांगतो की जणू स्वतः रोमला जाऊन विचारून आलाय. लॅटिनमध्ये कॅल्क्स असे दोन वेगळे शब्द आहेत. एक चुनखडीचा, तो ग्रीकमधून आलेला, त्यातून कॅल्शियम, चॉक आणि मोजायचे खडे म्हणून कॅल्क्युलेशन. दुसरा कॅल्क्स म्हणजे टाच. टाचदुखीसाठी कधी एक्स-रे काढला असेल तर रिपोर्टवर कॅल्केनियस असं वाचलं असेल, ते टाचेचं हाड. या टाचेपासून लाथ मारण्याचं क्रियापद झालं, त्याला सुरुवातीला रि लागला, उलट या अर्थाचा. म्हणजे रिकॅल्सिट्रंट कोण, तर दुगाण्या झाडणारा. इंग्रजीत हे विशेषण १९व्या शतकात फ्रेंचकडून आलं.

आता गंमत बघा. होरेस नावाचा रोमन कवी इसवी सनापूर्वी ३० च्या सुमारास हेच क्रियापद वापरतो आणि कोणासाठी, तर खुद्द सीझरसाठी, म्हणजे पुढे जो ऑगस्टस झाला त्याच्यासाठी. म्हणतो, याची स्तुती जपून करावी लागते, थोपटताना हात चुकीचा पडला तर हा घोडा लाथ झाडतो. म्हणजे तिथे दुगाण्या झाडणारा साहेबच आहे! हे मॅनेजरला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

टाचेवरून आठवलं, कॉजवे, म्हणजे भराव घालून केलेला रस्ता. कुलाबा कॉजवे १८३८ चा, पण शब्द फार जुना, लॅटिनमधल्या 'कॅल्सिआता' रस्त्यापर्यंत जातो आणि तो चुनखडीचा रस्ता की टाचांनी तुडवून घट्ट केलेला रस्ता यावर पंडितांची दोन तटं आहेत. मी टाचवाला. चुनावाले म्हणतात रोमन लोक बांधकामात चुना वापरायचे, अहो वापरायचे ना, पण तुडवायचेही. भराव घातला की माणूस आधी काय करतो? तुडवतो. गावाकडे अंगण करताना माती टाकून पाणी मारून चोपणं ज्याने बघितलंय त्याला हे सांगावं लागत नाही, पण कोशकारांनी अंगण कुठे केलंय. असो.

मुद्दा हट्टी शब्दाचा. रिकॅल्सिट्रंटला हट्टी म्हणणं चूक नाही पण पांचट आहे. हट्टी तर आईसक्रीम मागणारं पोरही असतं. इथे समोर कोणीतरी हुकूम सोडणारा लागतो, लगाम धरणारा लागतो, त्याशिवाय लाथ मारणार कोणाला? म्हणून मराठीत मला 'न जुमानणारा' सगळ्यात जवळचा वाटतो. 'अवज्ञाकारी' सुचवणारे एक विद्वान आहेत, त्यांनी हा शब्द बाजारात भाजी घेताना एकदा वापरून दाखवावा. आणि सर्रास लोक ज्याला भाषांतर म्हणून पुढे करतात तो 'अडेलतट्टू' तर सपशेल चुकीचा, कारण अडेलतट्टू लाथ मारतच नाही! ते नुसतं अडतं. चार पाय रोवून उभं, ओढा, चाबूक मारा, हलणार नाही. जनावर बहुतेक तेच, वागणं वेगळं.

मग अडेलतट्टूला इंग्रजीत काय? रेस्टिव्ह! जुन्या फ्रेंचमधला 'रेस्टिफ', जागचा न हलणारा घोडा. आज मात्र इंग्रजीत रेस्टिव्ह म्हणजे चुळबुळ करणारा, अस्वस्थ, अगदी उलटा अर्थ. माझी थिअरी अशी की घोडा आधी अडतो, मग मारला की नाचायला लागतो, आणि शब्द त्या घोड्याबरोबर नाचत गेला. मराठीतलं तट्टू मात्र आजही जिथे अडलं तिथेच उभं आहे.

शेवटचं एक, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९७३ मध्ये रॉबर्ट्स नावाच्या बीजशास्त्रज्ञाने बियांचे दोन गट केले. भात, गहू, ज्वारी ही ऑर्थोडॉक्स, वाळवा, गोठवा, वर्षानुवर्षं टिकतात. आणि वाळवलं की मरतात त्या बिया रिकॅल्सिट्रंट. त्यात कोण, तर आंब्याची कोय आणि फणसाची आठळी! बीजबँकेची शिस्त ती पाळतच नाहीत, म्हणून कोय ताजी असतानाच मातीत घालावी लागते. आमची आजी आठळ्या लाल मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवायची, पावसाळ्यात भाजीत घालायला, आणि एखादी चुकून राहिली की तिला तिथेच कोंब फुटलेला असायचा. शीतगृहात मरेल पण आजीच्या कोपऱ्यात उगवेल, असा हा बेटा.

हां, तुमचा मेल राहिलाच. पण तुम्ही काम न करता नुसते गप्प बसलात की मीटिंगमध्ये उलटून बोललात, हे प्रश्नात लिहिलंच नाहीये. गप्प बसला असाल तर मॅनेजरने शब्द चुकीचा वापरलाय, तुम्ही अडेलतट्टू आहात.