वाचकांचे प्रश्न : शेजारचा प्लॉट रिकामा आहे तोवर येणारं ऊन आपलं धरू नका

प्रश्न : मॅडम नमस्कार, नागपूरच्या बेसा भागात आमचा ३० बाय ५० चा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला. उत्तरेला शेजाऱ्यांचं दोन मजली घर झालेलं आहे आणि त्यांचे दोन कूलर आमच्याच बाजूच्या खिडक्यांना लागले आहेत. दक्षिणेचा प्लॉट रिकामा आहे, मालक पुण्याला राहतात. मागे पूर्वेला जुनं घर आहे, त्यांचा मोठा कडुनिंब आमच्या कंपाउंडवर आलेला. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. इंजिनीअरनी प्लॅन दिला त्यात समोर हॉलला मोठी काच, दक्षिणेला रांगेत दोन बेडरूम आणि मागे किचन आहे. सासूबाईंना तुळस, थोडी बाग आणि थंडीत बसायला ऊन पाहिजे. मिस्टर म्हणून राहिले की एवढ्याशा जागेत बाग कुठून काढायची. पाया अजून खोदला नाही, काय बदलता येईल?

उत्तर : ताई, पाया खोदायच्या आधी विचारलं हे फार बरं केलं, कारण आत्ता कागदावर एक रेघ सरकवायला काहीच लागत नाही. तुमच्या प्लॅनमधली मोठी अडचण मला दक्षिणेच्या दोन बेडरूममध्ये दिसते. आज त्या खिडक्यांसमोर मोकळं रान आहे म्हणून इंजिनीअरनी तिकडे तोंड करून खोल्या ठेवल्या, पण मालक पुण्याला असले तरी प्लॉट विकला जाणार किंवा बांधला जाणारच, बेसा-मनीषनगरकडे कोणता प्लॉट वर्षानुवर्षं तसाच राहून राहिला सांगा. म्हणून प्लॅन काढताना दक्षिणेला आत्ताच दोन मजली भिंत उभी आहे असं समजून काढायचा. हमखास आपला असा उजेड तीनच ठिकाणांहून येतो, रस्त्यावरून, आपल्या स्वतःच्या मोकळ्या जागेतून आणि वरून आभाळातून.

आता उन्हाचा हिशोब बघा. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेला ४५ अंशावरच असतो, म्हणजे जेवढी उंच वस्तू तेवढीच लांब सावली, आणि मे संपता संपता तो अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. हे घरच्यांना पटवायचं असेल तर डिसेंबरात एका रविवारी प्लॉटवर १० फुटी बांबू उभा करा, बाराच्या सुमारास त्याची सावली उत्तरेकडे जवळपास १० फूट पडेल, तिथे चुन्याची फक्की टाका. सकाळी नऊला आणि दुपारी चारला पण टाका, शेजारच्या घराची आणि कडुनिंबाची सावली कुठवर येते तेही आखून घ्या, मग त्याच फक्कीवर खोल्या मांडून बघा. सासू-सासऱ्यांना सोबत न्या, कारण कुठं बसायला आवडेल हे जागेवर गेल्याशिवाय सांगता येत नाही.

समजा उद्या दक्षिणेला २० फूट उंच घर झालं आणि त्यांचं-तुमचं मार्जिन, म्हणजे हद्दीलगत सोडलेली मोकळी जागा, मिळून ८ फूट फट राहिली. डिसेंबरात त्या घराची सावली तुमच्या भिंतीवर १२ फुटांपर्यंत चढणार, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीला थंडीत ऊन लागणारच नाही, वरच्या मजल्याला लागेल. आणि मार्चपासून पुढे सूर्य वर चढला की दुपारचं ऊन त्याच फटीत सरळ खाली उतरणार. म्हणजे पाहिजे तेव्हा नाही आणि नको तेव्हा आहे. आजी-आजोबा तर तळमजल्यावरच राहणार ना, म्हणून माझा जीव त्या खोलीत अडकतो.

यावर मला पटणारा उपाय जुनाच आहे, चौक. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांमध्ये बघा, चारी बाजूंनी घरं चिकटलेली पण मधल्या चौकातून सगळ्या खोल्यांना उजेड. तुमच्याकडे मधोमध चौक काढायला रुंदी नाही, पण दोन बेडरूमच्या मध्ये दक्षिणेच्या बाजूनं घर ८ फूट आत घ्या आणि १० फूट लांबीची जागा मोकळी सोडा, तुमच्या मार्जिनला जोडून. मग चौकाची आतली भिंत शेजारच्या भिंतीपासून १६ फुटांवर जाते आणि डिसेंबरातही दुपारी तिच्या वरच्या अर्ध्या भागावर तास-दीड तास तरी ऊन येतं. दोन्ही बेडरूमच्या खिडक्या आणि जेवणाच्या जागेचं दार ह्या चौकात उघडू द्या, शेजाऱ्याच्या तोंडासमोर उघडण्यापेक्षा. हीच तुमची बाग, मिस्टरांना सांगा. मोगरा, जाई, गवती चहा, कढीपत्ता, एक दगडी पाटा बसायला, बास. चौक वर उघडाच ठेवा, नंतर फायबरचं छत टाकायचा मोह होईल, टाकू नका. दर मजल्यामागे ८० चौरस फूट जातात हे खरं आहे आणि घरात त्यावरून वाद होईल, पण दिवसा लाइट लावून बसावं लागणारी खोली मोठी असून तरी काय करायची. पावसाचं पाणी मात्र आधीच विचारात घ्या, चौकाला उतार आणि जाळीचं चेंबर दिलंच पाहिजे.

आता पश्चिम. समोरची मोठी काच काढून टाका, हे मी कळकळीनं सांगते. पश्चिमेचं ऊन खालून तिरपं येतं, त्याला छज्जा थांबवू शकत नाही, आणि उन्हाळ्यात तर सूर्य पश्चिमेच्याही २५ अंश उत्तरेला मावळतो, म्हणजे चार वाजल्यापासून सात वाजेपर्यंत समोरची भिंत भाजत राहणार आणि रात्री अकरालाही हॉल गरमच. ज्या गावात पारा ४७ च्या वर जाऊन आलाय तिथे पश्चिमेला काच म्हणजे हॉलमध्ये चूल पेटवल्यासारखं आहे. समोर जिना, बाहेरचं बाथरूम, चपला-सायकलची जागा हे सगळं आणा, त्याला ऊन लागलं तरी चालतं, आणि उरलेल्या रुंदीत ७-८ फूट खोल ओटा करा छतासकट. साडेपाचचं ऊन ओट्याच्याही आत घुसतं म्हणून वाळ्याच्या किंवा बांबूच्या चिका टांगायला हुक आत्ताच स्लॅबमध्ये सोडून ठेवा. हाच ओटा थंडीत सासूबाईंचा, कारण डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे झुकलेला असतो आणि समोर रस्ता असल्यानं अडवायला कोणी नाही, दोन ते पाच मस्त ऊन. तुळस ओट्याच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात ठेवा. वाळवणाला मात्र गच्चीच पाहिजे, कुरडया-पापड चौकात वाळत नाहीत, म्हणून जिना शेवटपर्यंत नीट पायऱ्यांचा करा, लोखंडी शिडी नको.

किचन मागे आग्नेयेला असेल तर राहू द्या. वास्तू मानता की नाही तो तुमचा प्रश्न, पण उन्हाळ्यात आपल्याकडे वारा जास्त करून पश्चिम-वायव्येकडून येतो, त्यामुळे फोडणीचा धूर घरभर न फिरता मागे निघून जातो.

उत्तरेच्या शेजाऱ्यांच्या कूलरचं असं करा, त्यांच्या खिडक्या कुठे आहेत ते टेपनं मोजून प्लॅनवर उतरवा आणि आपल्या खिडक्या त्यांच्या समोरासमोर न येता सरकवून घ्या, बाथरूम आणि कपाटांची भिंत त्यांच्या कूलरसमोर येऊ द्या. तुमचा स्वतःचा कूलरही प्लॅनमध्ये दाखवा, आपल्याकडे सगळं घर झाल्यावर कूलर आठवतो आणि मग ग्रिल कापा, पाइप लटकवा. उत्तरेच्या सावलीत कूलर ठेवायला छोटा ओटा, पाण्याचा नळ, खाली नाली, आणि कूलरची हवा चौकाच्या खिडकीतून बाहेर निघाली पाहिजे, नाहीतर खोलीत नुसता ओलावा साचतो.

कडुनिंब तोडायचा विचार करू नका. झाड त्यांचं आहे, आणि शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागतेच. सकाळचं ऊन तो गाळून देतो, फक्त तुमच्याकडे काळी माती असेल तर मोठ्या झाडाजवळ ती जास्त सुकते आणि भेगाळते, म्हणून पायाचं डिझाइन करणाऱ्या इंजिनीअरला झाड नक्की दाखवा.

आणि पुण्याच्या मालकांना एक फोन करा. तुमचा चौक कुठे येणार ते सांगून ठेवा. उद्या त्यांनी किंवा ज्याला विकतील त्यानं आपली मोकळी जागा तुमच्या चौकासमोर सोडली तर दोघांनाही दुप्पट आभाळ मिळतं आणि कोणाचाच एक रुपया जास्त जात नाही.

प्रश्न : जयताळ्याला आमच्या घरासमोर कंपाउंडच्या आत ५ फुटाची पट्टी आहे, तीही पश्चिमेला. बहावा लावू का संत्रा?

उत्तर : बहावा दिसायला फार सुंदर, पण एप्रिल-मेमध्ये तो पानं गाळून फुलतो, नेमकी सावली पाहिजे तेव्हाच पान नाही. संत्र्याला दिवसभराचं ऊन आणि निचरा होणारी जमीन लागते, भिंतीच्या आडोशाला झाड जगेल पण फळाची आशा धरू नका. सावलीसाठी करंज घ्या. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला नवी पालवी येते आणि मेमध्ये गच्च असतो, फक्त ५ फुटात भिंतीला चिकटून नको, शक्य असेल तर कंपाउंडच्या बाहेर रस्त्याच्या कडेला लावा आणि आतल्या पट्टीत पारिजातक किंवा जाळीवर मधुमालती चढवा. शेवगा आणि गुलमोहर घराजवळ नको, वादळात फांद्या पटकन मोडतात.

प्रश्न : मानेवाड्याला आमचं घर बांधून ७ वर्षं झाली, तळमजलाच आहे. शेजाऱ्यांनी आता दोन मजले चढवले, आमच्या किचनमध्ये दुपारी पण लाइट लागतो. उजेडाचा आमचा हक्क आहे ना?

उत्तर : दादा, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात उजेड आणि हवेचा हक्क आहे, पण तो सलग २० वर्षं विनाअडथळा उपभोगल्यावर मिळतो, ७ वर्षांवर नाही. त्यांनी मंजूर नकाशाप्रमाणे मार्जिन सोडलंय का ते बघा, सोडलं नसेल तर तेवढी तक्रार करता येते, पण आधी घरी जाऊन बोला. त्यांची भिंत तुमच्या बाजूनं पांढरी रंगवू द्या म्हणा, खर्च तुम्ही करा, उजेडात लगेच फरक पडतो. आणि वर मजला काढायचा नसेल तर किचनच्या स्लॅबमध्ये २ बाय २ फुटांचा झरोका, इंजिनीअरला सळ्या दाखवूनच, स्लॅबच्या वर उभ्या बाजू घेऊन त्यातल्या उत्तरेकडच्या बाजूला काच ठेवून. आडवी काच वर टाकली तर मेमध्ये किचन तापेल.