थायरॉईडची गोळी चालू आहे, अश्वगंधा घेऊ का?

प्रश्न: ताई, मी ४६ वर्षांची, राहते कळव्याला, नोकरी महापेला. ठाण्याहून घणसोलीची गाडी, पुढे रिक्षा, घरी यायला रात्रीचे साडेआठ. अंग नुसतं आंबून जातं पण डोळ्याला डोळा लागत नाही, एक-दीड वाजतो. सासूबाई म्हणतात दुधातून अश्वगंधा घे, त्यांनी चूर्णाची डबी आणूनही ठेवलीय. चार वर्षं थायरॉईड कमी आहे म्हणून गोळी घेते. चालेल का?

उत्तर: ताई, डबी सध्या उघडू नका. सासूबाईंचं चुकलेलं नाही बरं का, अश्वगंधेच्या शास्त्रीय नावातच सोम्निफेरा आहे, म्हणजे झोप आणणारी, आणि मुळाचा अर्क रोज ६०० मिलिग्रॅम असा आठ-दहा आठवडे दिला तेव्हा काही लोकांची झोप सुधारलेली दिसलीय. पण तुमचं गणित वेगळं आहे. अश्वगंधेने थायरॉईडचं हार्मोन वाढू शकतं, तुम्ही वरून गोळीही घेताय, दोन्ही मिळून जास्त झालं तर छातीत धडधड, हाताला कंप आणि आहे ती झोपही जायची. क्वचित लिव्हरलाही त्रास होतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ताची टेस्ट, शेवटची कधी केलीत ते लिहिलं नाहीत. गोळीचा डोस जास्त होत असेल तर तेवढ्यानेही झोप उडते, त्यामुळे आधी ती टेस्ट करा. रात्री घाम येऊन जाग येत असेल, पाळी मागेपुढे होत असेल तर तेही सांगा, या वयात हे खूप जणींना होतं आणि बायका ते अंगावर काढतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तोवर दुधात जायफळ घ्या, सहाणेवर दोन वेढे, बस. झोप येत नाही म्हणून अर्धं जायफळ किसून घालू नका, जास्त झालं की गरगरतं, मळमळतं, भ्रमसुद्धा होतो. झोपताना तळपायाला थोडं तूप लावून काशाच्या वाटीने पाच-दहा मिनिटं घासा, पाय हलके होतात, मी स्वतः करते. आणि ऑफिसातून निघताना चहा होत असेल तर तो आधी बंद करा, त्यातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही अंगात असतं, म्हणजे सहाचा चहा अकराला जागाच.

रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंची डबीही सोबत न्या.