जीवाश्म शोधायला इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लाइम रीजिसला पहिल्यांदाच जाताय? मग हे वाचा

आल्या आल्या हातोडी घेऊन किनाऱ्याकडे पळू नका. आधी कूम स्ट्रीटवरच्या जुन्या चर्चमधलं डायनोसॉरलँड जीवाश्म संग्रहालय गाठा (उघडं आहे ना, तेवढं बघून निघा). अठराव्या शतकातली ही वास्तू. १७९९ साली जन्मलेल्या, जीवाश्म शोधण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मेरी ॲनिंगचा बाप्तिस्मा इथलाच. पुढे भावाला इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरीसृपाची कवटी सापडली आणि उरलेला सांगाडा हिने शोधला, तेव्हा पोरगी जेमतेम बारा-तेरा वर्षांची!

तिथे अमोनाइटपाशी (वेटोळ्या शंखाच्या प्राचीन सागरी जीवाचं जीवाश्म) रेंगाळा. आपल्या देवघरातला शाळिग्राम आठवेल. तोही अमोनाइटच, गंडकीतला. वेटोळ्यावरच्या कंगोऱ्यांची नजरेला सवय झाली की वाळूतला तुकडा आपोआप दिसतो. मी हे न करता गेलो आणि पिशवीभर नुसते दगड घेऊन आलो.

ओहोटी लागली की शेजारच्या चारमथ गावाच्या बाजूला निघा, भरतीच्या आत परत फिरा. कड्याखाली अजिबात थांबू नका. १८३३ मध्ये मेरीचा कुत्रा दरडीखालीच गेला, ती थोडक्यात वाचली. कडा फोडायचा नाही. सुटी रेती चाळा. सोनेरी चमकणारे छोटे अमोनाइट पायराइटचे (लोह-गंधकाचं खनिज) असतात. घरी आणून दमट कपाटात ठेवलेत तर भुगा होईल.