वाफ्यांतील लव्हाळा आणि पाचोळ्याचे आच्छादन

प्रश्न : फाल्गुनात परसातील वाफ्यांत वांगी, मिरची लावली व गवार टोकली. रोपे जोमात आहेत. परंतु दर आठवड्याला खुरपूनही लव्हाळा पुन्हा उगवतो. पालापाचोळा पसरल्यास तो थांबेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : केवळ पाचोळ्याने लव्हाळा थांबणार नाही. खुरप्याने पाती कापली, तरी जमिनीखालच्या गाठी शाबूत राहतात आणि त्यांतून नवे कोंब फुटतात. म्हणून आदल्या संध्याकाळी वाफा भिजवून, सकाळी माती मऊ असताना तो गाठींसकट उपटावा, आणि त्या गाठी खताच्या खड्ड्यात मुळीच टाकू नयेत (ही चूक आम्हीही केलेली आहे). नवे कोंब कोवळे असतानाच काढत राहिल्यास गाठींतील साठा हळूहळू संपतो. त्याला एक हंगाम पुरत नाही.

बियांपासून येणारे घोळ हे तण मात्र पाचोळ्याच्या आच्छादनाखाली उजेडाअभावी दबते. खुरपणी करून पाणी दिल्यावर वाळलेली पाने किंवा उसाचे पाचट दोन-तीन इंच जाडीने पसरावे, परंतु खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, अन्यथा ओलाव्याने खोड कुजण्याचा संभव असतो. गवार उगवून वीतभर होईपर्यंत तिच्या ओळी उघड्याच राहू द्याव्यात.