दूध प्यायलं की तासाभराने पोट फुगतं. ही दुधाची ॲलर्जी असेल का?

बहुधा नाही. तुमचं वर्णन लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, न पचण्याशी जास्त जुळतं. लहान आतड्यात लॅक्टेज हे एन्झाइम कमी पडलं की ही साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि मग गॅस, मुरडा, जुलाब. हैराण व्हायला होतं, पण जिवाला धोका नसतो. शिवाय सगळा खेळ प्रमाणाचा. अर्धा कप चालतो, दोन ग्लास नडतात. दही तर बऱ्याच जणांना पचतं.

ॲलर्जीचं प्रकरण वेगळं. तिथे रोगप्रतिकारक यंत्रणा दुधातल्या प्रथिनांवर तुटून पडते. घोटभर दूधही पुरतं. सहसा काही मिनिटांत ते 2 तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. श्वास लागला, घसा आवळला तर वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. अशा वेळी ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं. (लॅक्टोज-फ्री दूधही ॲलर्जीवाल्याला चालत नाही, त्यात प्रथिनं तशीच असतात.)

खात्री करायची तर डॉक्टरांना हायड्रोजन ब्रेथ टेस्टबद्दल (लॅक्टोज पचतं का, हे श्वासातल्या हायड्रोजनवरून बघणारी चाचणी) विचारा. ढीगभर पदार्थांची यादी हातात देणाऱ्या आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडीचा एक प्रकार) रक्तचाचण्यांवर मात्र पैसे घालवू नका. आयजीजी वाढलेलं दिसलं, तर तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ.