वाचकांचे प्रश्न: तबकडी तापवून हार्ड डिस्कची जागा कशी वाढते?

प्रश्न: हार्ड डिस्क तापू देऊ नका, असं सगळेच सांगतात. मग ३० टीबीच्या नव्या डिस्कमध्ये लेसरने तबकडी चारशे अंशांच्या वर तापवतात, तरी डेटा जात कसा नाही? आणि तापवल्याने जागा का वाढते?

उत्तर: जागा वाढते ती चुंबकीय कण बारीक केल्याने. उष्णता लागते ती त्या बारीक कणांवर लिहिता यावं म्हणून.

हिशेब करून पाहा. नेहमीच्या तबकडीवर कोबाल्ट-क्रोमियम-प्लॅटिनमचा थर असतो. त्यातला कण ८ नॅनोमीटर व्यासाचा आणि १५ नॅनोमीटर उंचीचा धरला, तर त्याची चुंबकीय दिशा (डेटा याच दिशेच्या रूपात साठतो) उलटवायला खोलीच्या तापमानाला असलेल्या उष्मीय ऊर्जेच्या साधारण ५५ पट ऊर्जा लागते. असा कण आपणहून उलटायला कोट्यवधी वर्षं जातील. उंची तीच ठेवून व्यास निम्मा केला की आकारमान चौथाईवर येतं, ५५ पटींचे जेमतेम १४ पट उरतात, आणि तोच कण सुमारे एका मिलिसेकंदात उलटतो. डेटा लिहून होतो न होतो तोच गेला!

म्हणून लोह-प्लॅटिनम वापरतात. तेवढ्याच आकारमानात ते दहापटीहून जास्त चिवट असतं, त्यामुळे बारीक कणही दिशा धरून राहतो. पण मग तो हेडलाही, म्हणजे तबकडीवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या सूक्ष्म भागालाही, दाद देत नाही. थंड असताना त्याला उलटवायला बरेच टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) लागतात, आणि हेडच्या लोह-कोबाल्टच्या टोकाची धाव २.४ टेस्लाच्या आसपास संपते. इथे लेसर कामाला येतो. लिहायच्या क्षणी तेवढाच ठिपका क्युरी तापमानाजवळ (ज्याच्या वर पदार्थ आपलं चुंबकत्व गमावतो), म्हणजे साधारण ४५० अंश सेल्सिअसपर्यंत नेला की चिवटपणा जवळजवळ नाहीसा होतो, हेड हवी ती दिशा देतं आणि नॅनोसेकंदाच्या आसपास ठिपका निवताना ती दिशा पक्की होते.

खरी मेख या निवण्यात आहे. बिटची, म्हणजे डेटाच्या एका नोंदीच्या जागेची, कड किती रेखीव येईल, ते तापमान किती झपाट्याने उतरतं यावर ठरतं. त्यासाठी चुंबकीय थराखाली उष्णता खाली ओढून घेणारा धातूचा थर देतात. उष्णता आडवी पसरली तर शेजारच्या ट्रॅकवरचा (डेटाच्या वर्तुळाकार रांगेवरचा) डेटा खराब होतो. वाचताना लेसर लागतच नाही. ठिपका शंभर नॅनोमीटरहूनही लहान असल्याने अख्खी डिस्क तापत नाही. कॅबिनेट थंड ठेवायचं ते मोटर, वंगण आणि सर्किटसाठी, आणि ते या डिस्कलाही लागू आहे.

प्रश्न: लेसरचा झोत इतक्या बारीक जागी कसा पडतो?

उत्तर: भिंगाने पडत नाही. साधारण ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश भिंगाने काहीशे नॅनोमीटरपर्यंतच एकवटतो, आणि तेवढ्या जागेत कितीतरी ट्रॅक येतात. म्हणून प्रकाश हेडमधल्या सोन्याच्या सूक्ष्म अँटेनावर सोडतात. त्याची ऊर्जा अँटेनाच्या अरुंद टोकाशी एकवटते आणि काही नॅनोमीटरवर फिरणाऱ्या तबकडीत उतरते.

हे तंत्र बाजारात यायला इतकी वर्षं लागली, त्याचं एक मोठं कारण हे टोक. सोनं मऊ, वारंवार तापून टोक गोलावतं, मागे सरतं, ठिपका पसरतो आणि लिखाण कच्चं राहतं. शिवाय तबकडीवरचं नॅनोमीटरभर जाडीचं वंगण उडून हेडवर चिकटतं. लेसर सुरू होताच हेड किंचित फुगतं, म्हणून फर्मवेअरला (डिस्कमधल्या नियंत्रक प्रोग्रॅमला) हेडचं अंतर आधीच सावरून घ्यावं लागतं. लेसरची शक्ती मध्येच दचकली तर त्याच सेक्टरमध्ये (ट्रॅकच्या एका तुकड्यात) ट्रॅकची रुंदी बदलते. तबकडी काचेची असते, कारण लोह-प्लॅटिनमचे अणू हव्या त्या रचनेत बसायला थर चढवतानाच ५०० अंशांच्या वर तापवावं लागतं आणि नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या तबकडीला ते झेपत नाही.

प्रश्न: घरच्या नॅससाठी (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणुकीच्या पेटीसाठी) अशी डिस्क घ्यावी का?

उत्तर: कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती नेहमीच्या साटा जोडणीची साधी डिस्कच आहे, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. सीगेटने जानेवारी २०२४मध्ये जाहीर केलेल्या ३० टीबीच्या डिस्कमध्ये प्रत्येकी ३ टीबीच्या १० तबकड्या आहेत. पण जागा जितकी वाढली तितका वेग वाढलेला नाही. सरासरी सेकंदाला २०० एमबी धरले तरी ३० टीबी भरायला जवळपास ४२ तास लागतात. रेडमधली (अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी गेली तरी डेटा वाचवणाऱ्या रचनेतली) एक डिस्क गेली तर तेवढा वेळ उरलेल्या डिस्कवर सगळा भार असतो. त्यामुळे दोन डिस्क गेल्या तरी चालेल अशी रेड ६ ठेवा, बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि विकत घेताना मॉडेल एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर अंशतः चढवून लिहायच्या) पद्धतीचं नाही ना, ते माहितीपत्रकात पाहून घ्या.