क्रीममध्ये आणि केसांच्या सीरममध्ये सिलिकोन आहे असं कळलं. दोन्ही वापरणं बंद करावं का?

क्रीम तरी बंद करू नका. आमच्या घरात ते बंद करायला लावलं होतं आणि हाल झाले ते आईच्या हातांचे.

आई पहाटे ससून डॉकवरून मासळी उचलते आणि दादरला बसते. दिवसभर बर्फ, खारं पाणी, कोलंबीचे काटे. बोटांना अशा भेगा पडायच्या की रात्री भाकरी मोडतानाही कळ जायची. त्वचेच्या डॉक्टरांनी डायमेथिकोन नावाच्या सिलिकोनचं क्रीम दिलं, धंद्याला बसण्याआधी लावायचं. त्याचा पातळ थर पाणी अडवतो आणि आतला ओलावा फारसा उडू देत नाही. महिन्याभरात भेगा मिटायला लागल्या. शेजारणींना बोलावून हात दाखवायची ती.

मग वहिनीने मोबाइलवर काहीतरी पाहिलं. हे प्लास्टिक आहे, कातडीचा श्वास कोंडतो, रक्तात उतरतं. ट्यूब कचऱ्यात गेली आणि आईच्या हातांना साय, हळद आणि लिंबू लागलं. फुटलेल्या कातडीवर लिंबू! दुसऱ्या दिवशी बर्फात हात घातल्यावर आई भर बाजारात रडली. चार दिवस धंदा बंद. मी फोनवरून भांडले, तर मलाच ऐकावं लागलं की तुला केमिकलचा पुळका.

पुळका नाही. श्वास फुप्फुसं घेतात, कातडी नाही. डायमेथिकोनचे रेणू इतके मोठे असतात की ते वरच राहतात, आणि त्या थरातून वाफ बाहेर जाऊ शकते. अमेरिकेत १ ते ३० टक्के डायमेथिकोन त्वचेचं रक्षण करणारं औषध म्हणून मान्य आहे. आणि वहिनी, बाळाचं पोट फुगलं की तू स्वतः जे थेंब पाजायचीस, त्यात सिमेथिकोन होतं. सिमेथिकोन म्हणजे डायमेथिकोन आणि सिलिका. बाळाच्या पोटात चालतं, ते सासूच्या हाताला का चालू नये?

आता सगळी सिलिकोनं सारखी नसतात, हेही खरं. डी४ म्हणजे सायक्लोटेट्रासिलोक्झेन प्रजननक्षमतेला बाधक असल्याचा संशय आहे, म्हणून युरोपने ते सौंदर्यप्रसाधनांतून काढलं. सीरममध्ये बहुतेक वेळा डी५, सायक्लोपेंटासिलोक्झेन असतं. ते लावल्यावर उडून जातं. धुऊन टाकायच्या वस्तूंत त्यावर युरोपमध्ये २०२० पासून ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, पण ती पाण्यात आणि जिवांत ते साचून राहतं म्हणून. सीरमने केस चिकट, जड वाटत असतील तर शाम्पूने नीट धुवा.

भेगेत पू झाला असेल तर क्रीम चोपडत बसू नका, डॉक्टरकडे जा.

आईची ट्यूब आता घरात नसते. पैशांच्या पिशवीत असते, तिच्या कमरेला.